विषाणू आणि यजमान यांची जनुकीय सहउत्क्रांती: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

व्याख्यान संपल्यावर चिठ्ठ्यांवर आणि नंतर व्हॉट्सॲपवर जे प्रश्न पुन्हा पुन्हा येतात, ते इथे एकत्र केले आहेत. विचारणाऱ्यांची भाषा शक्यतो तशीच ठेवली आहे. सुरुवातीला सोपे, पुढे अडचणीचे. एका उत्तराचा भाग दुसऱ्यात असेल तिथे नुसता क्रमांक दिला आहे. सगळ्यात जास्त वेळा आलेला प्रश्न पाचवा आहे. घाई असेल तर आधी तोच वाचा.

१. सहउत्क्रांती म्हणजे काय? नुसती उत्क्रांती म्हटलं तर काय बिघडतं?

थंडीच्या प्रदेशात एखाद्या प्राण्याच्या अंगावर पिढ्यान्‌पिढ्या दाट केस येत गेले, तर ती उत्क्रांती. पण केस आले म्हणून थंडी काही जास्त बोचरी होत नाही. विषाणू मात्र उलटून वागतो. यजमानांमध्ये बचावाचा एखादा बदल पसरला, की त्या बचावाला चुकवणारे विषाणू वरचढ ठरतात; ते वरचढ ठरले, की जुना बचाव निकामी होतो आणि नव्याची निवड सुरू होते. एकाच्या जनुकांतला बदल दुसऱ्याच्या जनुकांवर दाब आणतो, म्हणून ‘सह’. हा सहकार्यातला ‘सह’ नाही. वादी-प्रतिवादी वर्षानुवर्षं एकाच कोर्टात एकत्र दिसतात, तसला आहे. ली व्हॅन व्हेलन यांनी १९७३ मध्ये याला ‘लाल राणी’चं नाव दिलं: आहे तिथेच राहायचं तरी पळत राहावं लागतं.

‘यजमान’ या शब्दावर एका आजोबांनी हरकत घेतली होती. बोलावणं कुणी केलं, असं त्यांचं म्हणणं. बरोबर आहे, पण शब्द आता रुळला.

२. विषाणू सजीवच नाही म्हणतात. मग त्याची उत्क्रांती कशी होईल?

उत्क्रांतीला प्रती निघाव्या लागतात, प्रती काढताना चुका व्हाव्या लागतात आणि त्या चुकांमुळे पुढे निघणाऱ्या प्रतींची संख्या कमी-जास्त व्हावी लागते. एवढं असलं की पुरतं, आणि विषाणूकडे हे सगळं आहे. सजीव की निर्जीव हा वाद मी टाळतो. तास जातो आणि हाती काही लागत नाही.

३. आपण औषध किंवा लस काढली की विषाणू मुद्दाम स्वतःला बदलतो का?

नाही. बदल आधी होतो, तोही आंधळेपणाने. निवड नंतर होते. याचा सुंदर पुरावा १९४३ चा आहे. साल्वादोर लुरिया आणि माक्स डेलब्र्यूक यांनी जिवाणू वेगवेगळ्या नळ्यांत वाढवले आणि मग प्रत्येक नळीतले जिवाणू त्यांना मारणाऱ्या विषाणूंच्या बशीत टाकले. विषाणू समोर आल्यावर जिवाणू ‘शिकत’ असते, तर प्रत्येक नळीतून साधारण सारखेच वाचले असते. प्रत्यक्षात बहुतेक नळ्यांतून एकही नाही किंवा दोन-चार वाचले, आणि एखाद्याच नळीतून शेकडो. त्या नळीत बचावाचं उत्परिवर्तन योगायोगाने फार लवकर झालं होतं आणि त्याची लेकरंबाळं वाढून बसली होती. प्रयोग जिवाणूंवरचा असला तरी नियम विषाणूंनाही लागू आहे. ‘विषाणूने युक्ती केली’ असं आपण बोलतो, मीही पुढे बोलणार आहे. ती फक्त बोलण्याची सोय समजा.

४. विषाणू इतक्या झपाट्याने बदलतो आणि आपली पिढी पंचवीस-तीस वर्षांची. मग आपण अजून शिल्लक कसे?

आकडे खरंच घाबरवणारे आहेत. एचआयव्हीचा जनुकसंच, म्हणजे त्याच्या सगळ्या जनुकांचा मिळून मजकूर, सुमारे ९,७०० रासायनिक अक्षरांचा आहे आणि साधारण ३०,००० अक्षरं उतरवताना त्याची एक चूक होते. म्हणजे दर तीन प्रतींमागे एक चुकीची, आणि नवी पिढी एक-दोन दिवसांत. आपल्याकडे सुमारे ३०० कोटी अक्षरांच्या जनुकसंचाच्या दोन प्रती घेऊन बाळ जन्मतं, त्यात नवे बदल ६०-७०. (सगळेच विषाणू इतके हलगर्जी नाहीत. कोरोना विषाणूचा जनुकसंच सुमारे ३०,००० अक्षरांचा, आणि त्याच्याकडे स्वतःचा मुद्रितशोधक आहे: चुकलेलं अक्षर काढून टाकणारं प्रथिन.)

तरी आपण टिकतो, कारण आपण एकाच प्रकारचे नाही. विषाणूचे तुकडे पेशीच्या पृष्ठभागावर मांडून दाखवणारी एचएलए जनुकं माणसामाणसांत इतकी वेगवेगळी आहेत, की एका घरात जमलेली युक्ती शेजारच्या घरात फसू शकते. दुसरं म्हणजे, प्रतिपिंडं बनवणाऱ्या बी पेशी आजारपणातच आपली जनुकं झपाट्याने बदलतात आणि त्यांतल्या उत्तम पेशींची निवड होते. ही शरीराच्या आतली उत्क्रांती आहे. मुलांकडे ती जात नाही. आणि तिसरं, विषाणूचा संसार फार लहान आहे. एवढ्याशा जनुकसंचात प्रत्येक अक्षराला काम असल्यामुळे कुठेही हात लावला तरी काहीतरी मोडण्याची भीती.

या तिसऱ्या मुद्द्याचं उदाहरण एचआयव्हीतच मिळतं. एचएलए-बी५७ हा प्रकार असलेल्या काही लोकांत एचआयव्ही फार सावकाश वाढतो. त्यांच्यात राहून विषाणू एक बदल करून निसटतो, पण तो बदल त्याच्या कवचाला महागात पडतो. हाच विषाणू बी५७ नसलेल्या माणसात गेला, की कालांतराने तो बदल पुन्हा मूळपदावर येतो. वेषांतर गरजेपुरतंच.

५. काळ गेला की प्रत्येक विषाणू सौम्य होतो, कारण यजमान मेला तर त्याचंही नुकसान. हे खरं ना?

अर्धंच. आणि हे अर्धसत्य ज्या सशांवरून पसरलं, त्यांची गोष्ट पूर्ण सांगितलीच जात नाही.

ऑस्ट्रेलियात १८५९ मध्ये टॉमस ऑस्टिन नावाच्या जमीनदाराने शिकारीच्या हौसेपायी युरोपीय ससे आणून सोडले. शंभर वर्षांच्या आत त्यांनी कुरणं फस्त केली. दक्षिण अमेरिकेतल्या एका वेगळ्याच रानसशात मिक्सोमा नावाचा विषाणू असतो. त्या रानसशाला विषाणूमुळे फक्त कातडीवर एखादी गाठ येते. हाच विषाणू युरोपीय सशात गेला की डोळे सुजतात, अंगभर गाठी येतात आणि ससा मरतो. १८९६ मध्ये माँटेव्हिडिओच्या प्रयोगशाळेतले ससे असेच मेले, तेव्हा जोसेप्पे सानारेल्ली यांनी हा आजार ओळखला. १९५० मध्ये ऑस्ट्रेलियाने तो विषाणू मुद्दाम सोडला. डासांनी काम चोख केलं. सुरुवातीच्या विषाणूने १००० सशांतले ९९८ मारले असते इतका तो जहाल होता.

(त्याच सुमारास तिथे माणसांत मेंदूज्वराची साथ आली आणि लोकांचा संशय या विषाणूवर गेला. फ्रँक फेनर, मॅकफार्लेन बर्नेट आणि इयन क्लुनिस रॉस या तिघांनी तो स्वतःला टोचून घेतला. काही झालं नाही. आजची नीतिमत्ता समिती याला परवानगी देईल असं वाटत नाही.)

फेनर यांनी दरवर्षी रानातून विषाणू गोळा करून त्यांची प्रतवारी केली. पहिल्या प्रतीचा विषाणू ९९ टक्क्यांहून जास्त ससे मारतो आणि तेही तेरा दिवसांच्या आत; पाचव्या प्रतीचा निम्म्याहून कमी. काही वर्षांतच रानात तिसऱ्या प्रतीचे विषाणू सर्वाधिक दिसू लागले. कारण साधं होतं. डास सशाच्या कातडीवरच्या गाठीला सोंड लावतो तेव्हा विषाणू त्याच्या सोंडेला चिकटतो. पहिल्या प्रतीचा विषाणू आठ-दहा दिवसांत ससा संपवतो, तर डासाला वेळच मिळत नाही. पाचव्या प्रतीचा इतका मवाळ, की गाठीत विषाणू कमी आणि ससा लवकर बरा. तिसऱ्या प्रतीत ससा सतरा ते अठ्ठावीस दिवस गाठी घेऊन जगतो, म्हणजे डासांची पंगत लांबते.

आता तिसऱ्या प्रतीचा अर्थ पाहा: तो अजूनही ७० ते ९५ टक्के ससे मारतो. याला सौम्य म्हणणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, की सशाला विचारलंत का? विषाणू शांततेकडे सरकला नाही. जिथून सर्वांत जास्त पसरता येईल तिथे येऊन थांबला. ती जागा कुठे असेल हे त्याच्या प्रवासाच्या साधनावर ठरतं.

मृत्यू कमी झाले ते बरेचसे सशांमुळे. न्यू साउथ वेल्समधल्या उराना तळ्याजवळच्या रानसशांची पिल्लं पकडून त्यांना दरवेळी तोच ठरलेला विषाणू टोचला जाई. विषाणू तोच, पण काही साथींनंतर मरणाऱ्यांचं प्रमाण सुमारे ९० टक्क्यांवरून ३० टक्क्यांच्या खाली आलं, आणि तेही दशकभराच्या आत. पुढचं प्रश्न ६ आणि १९ मध्ये.

६. त्या सशांच्या जनुकांत नेमकं काय बदललं? एखादं जनुक सापडलं का?

एकच जनुक सापडेल अशी अपेक्षा होती, सापडली बरीच. २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या कामात ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि फ्रान्स या तिन्ही देशांतले साथीपूर्वीचे ससे (संग्रहालयातले, त्यांत खुद्द चार्ल्स डार्विनच्या संग्रहातला एक) आणि आजचे ससे यांच्या जनुकांची तुलना केली. फ्रान्समध्ये हा विषाणू १९५२ मध्ये एका डॉक्टरने आपल्या खासगी इस्टेटीवरचे ससे मारायला सोडला होता आणि तिथून तो वर्षभरात ब्रिटनला पोचला. म्हणजे एकच प्रयोग तीनदा झाल्यासारखं.

तिन्ही ठिकाणी बदल बऱ्याच अंशी त्याच जनुकांत आणि त्याच दिशेने झाले होते. त्यांत एक जनुक इंटरफेरॉनचं होतं. शेजारच्या पेशींना ‘विषाणू आलाय’ अशी हाळी देणारं प्रथिन. आजच्या सशांत जास्त आढळणारा त्याचा प्रकार मिक्सोमाला अधिक जोरात रोखतो. मला यातलं सर्वांत महत्त्वाचं वाटतं ते असं, की हे प्रकार नव्याने घडलेले नव्हते. साथीच्या आधीच काही सशांत ते थोड्या प्रमाणात पडून होते, अडगळीतल्या जुन्या भांड्यासारखे. साथ आली आणि त्यांची गरज पडली.

७. मग माकडताप, रेबीज हे का सौम्य होत नाहीत? आणि कोविडचं काय?

माकडतापाचा विषाणू १९५७ मध्ये कर्नाटकातल्या क्यासनूर जंगलात सापडला. २०१५ मध्ये गोव्यातल्या सत्तरीत आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गात दोडामार्ग-बांद्याच्या बाजूला काजूच्या बागांत जाणाऱ्या लोकांना तो झाला. त्याचा संसार चालतो गोचिड्या आणि रानातल्या लहान प्राण्यांमध्ये. माणसातून तो पुढे कुणाकडेच जात नाही. आपण त्याच्यासाठी बंद गल्ली आहोत. आपल्या शरीरात तो सौम्य झाला काय आणि जहाल झाला काय, त्या बदलाला पुढची पिढीच नाही. तेव्हा आपल्या बाबतीत निवड काम करतच नाही. रेबीजचंही माणसापुरतं तेच. कुत्र्यात तर लाळेत उतरणं आणि चावायला लावणं यावरच त्याचा प्रसार अवलंबून असल्याने, मारणं हा त्याला तोटा नाही.

कोविडचा विषाणू मुख्यतः पहिल्या काही दिवसांत पसरतो. माणूस अत्यवस्थ होतो तो नंतर, तोवर विषाणूचं काम झालेलं असतं. त्यामुळे घातकपणा कमी करण्याचा फारसा दाब त्याच्यावर नाही. २०२० च्या अखेरीस ज्या घराण्याचे नमुने महाराष्ट्रात दिसू लागले आणि २०२१ मध्ये ज्याच्या एका शाखेला ‘डेल्टा’ नाव मिळालं, तो आधीच्या प्रकारांपेक्षा जास्त पसरणारा होता आणि जास्त त्रासदायकही. दुसरी लाट ज्यांनी पाहिली त्यांना हे वेगळं सांगायला नको.

८. लाखो वर्षांपूर्वीची झुंज आज जनुकांत वाचता येते म्हणता. कशी?

मराठीत ‘आणि’ चुकून ‘आणी’ लिहिलं तर अर्थ बदलत नाही. ‘दिन’चं ‘दीन’ झालं तर बदलतो. जनुकांतही काही अक्षरबदल निरर्थक असतात, प्रथिन तेच राहतं. काहींमुळे प्रथिन बदलतं. बहुतेक जनुकांत दुसऱ्या प्रकारचे बदल कमी टिकतात, कारण चालू घडी विस्कटलेली कुणाला परवडत नाही. पण काही जनुकांत अर्थ बदलणारे बदलच जास्त टिकलेले दिसतात. असं जनुक दिसलं की समजायचं, इथे कुणीतरी सतत दार ठोठावत होतं.

ट्रिम५-अल्फा हे प्रथिन रेट्रोव्हायरसच्या (एचआयव्ही याच गटातला; प्रश्न ११ पाहा) कवचाला पकडतं. २००४ मध्ये कळलं, की ऱ्हीसस माकडाचं ट्रिम५-अल्फा एचआयव्हीला अडवतं, माणसाचं अडवत नाही. लगेच २००५ मध्ये सारा सॉयर, हरमीत मलिक आणि सहकाऱ्यांनी माकडांची आणि वानरांची ही जनुकं शेजारी शेजारी ठेवली. अर्थबदलांची गर्दी प्रथिनाच्या एका छोट्या पट्ट्यात होती, तेरा अमिनो आम्लांच्या (प्रथिनाच्या साखळीतल्या कड्यांच्या), आणि विषाणू ओळखला जातो तोही त्याच पट्ट्यात. माणसाच्या प्रथिनात त्याच पट्ट्यातलं एक अमिनो आम्ल बदललं, तर ते एचआयव्हीला अडवू लागतं. एका जागेचा फरक. (मलिक यांची पहिली पदवी पवईच्या आयआयटीतली, केमिकल इंजिनिअरिंगची. जीवशास्त्रात उशिरा आलेल्यांनी लक्षात ठेवावं.)

९. विषाणू आपला बचाव मोडतो कसा? त्याच्याकडे एवढी जनुकं कुठून येतात?

कधी चोरून, कधी बदलून, कधी नुसती संख्या वाढवून.

चोरीचं उदाहरण एपस्टाइन-बार विषाणूचं. प्रतिकारशक्तीला ‘आता थांबा’ सांगणारं आपलंच एक जनुक त्याच्या पूर्वजाने उचललं आहे. बदलण्याचं उदाहरण एचआयव्हीचं. आपलं अपोबेक३जी हे प्रथिन विषाणूच्या प्रतीत मुद्दाम अक्षरं बिघडवतं. त्यावर एचआयव्हीकडे व्हिफ आहे: ते अपोबेकवर ‘कचरा’ अशी चिठ्ठी चिकटवतं आणि आपलीच पेशी त्याची विल्हेवाट लावते. हे व्हिफ यजमानानुसार घडलेलं असतं. माणसाच्या आणि आफ्रिकन हिरव्या माकडाच्या अपोबेकमध्ये १२८ व्या जागेचा फरक पुरतो. तेवढ्याने एकाचं व्हिफ दुसऱ्याला ओळखत नाही.

संख्या वाढवण्याचं उदाहरण माझं लाडकं आहे. देवीच्या लशीत वापरला जाणारा व्हॅक्सिनिया विषाणू के३एल नावाच्या जनुकाने आपल्या पीकेआर या रखवालदार प्रथिनाला भुलवतो. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात त्याचं दुसरं हत्यार काढून घेऊन तो मानवी पेशींत वाढवला. काही फेऱ्यांतच विषाणूने के३एलच्या एकामागून एक प्रती काढल्या, जनुकसंच फुगला. प्रती जितक्या जास्त, तितकी त्यांतल्या एकीत उपयोगी चूक होण्याची शक्यता जास्त. ती चूक मिळाल्यावर बाकीच्या प्रती गळू लागल्या. पेटीचा भाता फुगतो आणि मिटतो, अगदी तसं.

१०. कुत्र्यांचा पार्वो पूर्वी नव्हता म्हणतात. नवा विषाणू असा अचानक येतो कसा?

पार्वो १९७८ मध्ये जगभर एकदम पसरला. तो मांजरांच्या एका जुन्या विषाणूच्या जवळच्या नात्यातला आहे. पेशीवरचा जो ग्राही (बाहेरची वस्तू धरून आत घेणारं प्रथिन) लोह आत नेतो, त्यालाच धरून तो आत शिरतो. कुत्र्याच्या ग्राहीवर साखरेची एक साखळी आडवी असते, म्हणून मांजराच्या विषाणूला ते दार उघडत नव्हतं. कवचातल्या मोजक्या बदलांनी उघडलं. कुलूप मुळात लोहासाठीचं असल्याने यजमानाला ते वाटेल तसं बदलता येत नाही, ही अडचण वेगळीच.

११. आपल्या डीएनएत ८ टक्के विषाणू आहेत हे खरं की व्हॉट्सॲप विद्यापीठ?

खरं. रेट्रोव्हायरस आपली आरएनए प्रत डीएनएत उतरवून यजमानाच्या गुणसूत्रात शिवतो. हे कधी बीजपेशीत घडलं आणि त्यातून बाळ जन्मलं, तर तो विषाणू वारशाने पुढे जातो, डोळ्यांच्या रंगासारखा. आपल्यातले असे जवळजवळ सगळे मोडके अवशेष आहेत.

हे घडताना पाहायचं असेल तर कोआला बघा. ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेकडच्या, क्वीन्सलँडमधल्या कोआलांच्या जनुकसंचात एक रेट्रोव्हायरस सर्वांत आहे. दक्षिणेकडे जावं तसा कमी. तो अजून बाहेरून संसर्गही करतो आणि आई-वडिलांकडून वारशानेही येतो. रक्ताचे कर्करोग आणि इतर आजारांशी त्याचा संबंध आहे. आपल्या पूर्वजांत लाखो वर्षांपूर्वी जे होऊन गेलं, ते कोआलात चालू वर्तमानकाळात आहे.

१२. त्या अवशेषांचा काही उपयोग झाला का?

झाला, आणि तो आपल्या सगळ्यांच्या जन्माशी निगडित आहे. गरोदरपणातली वार आईच्या बाजूने पेशींच्या एका अखंड थराने मढलेली असते. अनेक पेशी एकमेकींत मिसळून तो थर बनतो. पेशी मिसळण्याचं काम सिन्सिटिन नावाचं प्रथिन करतं, आणि ते मूळचं रेट्रोव्हायरसचं आवरण-प्रथिन आहे, हे २००० मध्ये स्पष्ट झालं. विषाणूला ते पेशीशी मिसळून आत शिरायला लागायचं.

गंमत पुढे आहे. उंदरांतही सिन्सिटिन आहेत, पण ती वेगळ्याच विषाणूंकडून आलेली. त्यांतलं एक काढलं तर उंदराची पिल्लं गर्भातच मरतात. मांसाहारी प्राण्यांनी, रवंथ करणाऱ्यांनी आपापली वेगळी मिळवली. एकच हत्यार सस्तन प्राण्यांनी पुन्हा पुन्हा, वेगवेगळ्या शत्रूंकडून हिसकावलं.

१३. मग कोविडचा विषाणू किंवा त्याची लस आपल्या डीएनएत शिरून मुलाबाळांत जाईल का?

कोरोना हा रेट्रोव्हायरस नाही. आरएनएवरून डीएनए बनवून तो शिवण्याची यंत्रणा त्याच्याकडे नाही. एमआरएनए लशीतही ती नाही. त्यातली आरएनए थोड्या काळात विघटित होते. दंडाच्या स्नायूतून बीजपेशीपर्यंतची गोष्ट तर आणखी लांबची.

यावर जाणकार वाचक बोर्ना विषाणूचा दाखला देतात. दाखला खरा आहे: बोर्ना हा रेट्रोव्हायरस नसूनही त्याच्या जुन्या नातलगांचे तुकडे माणसाच्या जनुकसंचात आहेत, आणि ते चार कोटी वर्षांहून जुने आहेत. आपल्याच डीएनएतल्या उड्या मारणाऱ्या घटकांनी ते चुकून उचलून शिवले. बोर्ना पेशीच्या केंद्रकात राहतो, कोरोना केंद्रकाबाहेर. हा फरक इथे महत्त्वाचा.

१४. भारतीयांना निअँडरथलकडून कोविडचा धोका वारशाने मिळाला, अशी बातमी होती. ती खरी का?

२०२० मध्ये ह्यूगो झेबर्ग आणि स्वान्ते पाबो यांनी दाखवलं, की तिसऱ्या गुणसूत्रावरचा गंभीर कोविडशी जोडलेला एक सुमारे ५०,००० अक्षरांचा तुकडा निअँडरथलांकडून आलेला आहे. दक्षिण आशियात जवळपास निम्मे लोक त्याची निदान एक प्रत बाळगतात, युरोपात सुमारे १६ टक्के, आफ्रिकेत जवळजवळ कुणीच नाही. पण तो एक घटक आहे. वयाचा परिणाम त्याहून कितीतरी मोठा. शिवाय बाराव्या गुणसूत्रावरचा दुसरा निअँडरथल तुकडा उलट संरक्षण देतो.

मुळात हा धोक्याचा तुकडा इतका पसरला का, हा खरा प्रश्न. त्याच झेबर्ग यांना २०२२ मध्ये आढळलं, की हाच तुकडा असलेल्यांना एचआयव्हीचा संसर्ग होण्याची शक्यता २७ टक्के कमी असते. एचआयव्ही काल-परवाचा, तेव्हा पसरण्याचं कारण तो नक्कीच नाही. कुणी जुना विषाणू असू शकतो.

१५. काही युरोपीयांना एचआयव्ही होतच नाही. म्हणजे एचआयव्हीने ती निवड केली ना?

नाही, कारण प्रश्न १४ च्या शेवटी आहे तेच. सीसीआर५ या जनुकातून ३२ अक्षरं गळालेला प्रकार दोन्ही पालकांकडून मिळालेल्या माणसात एचआयव्हीच्या बहुतेक प्रकारांना शिरायला दार मिळत नाही. युरोपात असे सुमारे एक टक्का लोक. भारतात हा प्रकार फार विरळा. पण एचआयव्ही माणसांत पसरून जेमतेम शंभर वर्षं झाली. इतक्या थोड्या पिढ्यांत हे प्रमाण एचआयव्हीमुळे वाढणं शक्य नाही. तो प्रकार आधीच होता. आणि फुकट काहीच मिळत नाही: त्याच लोकांना वेस्ट नाइल विषाणूचा आजार जास्त त्रास देतो.

१६. लशीमुळे विषाणू अधिक घातक होतात का?

असं झालेलं एक खरं उदाहरण आहे, आणि ते लपवण्यात अर्थ नाही. कोंबड्यांच्या मारेक रोगावरची लस कोंबडीला मरणापासून वाचवते, पण संसर्ग आणि प्रसार थांबवत नाही. एरवी जे जहाल विषाणू कोंबडीबरोबरच संपले असते, ते लस दिलेल्या कोंबडीत जगतात आणि पसरतात. २०१५ च्या प्रयोगांत हे थेट दिसलं. आता काही प्रकार लस न दिलेल्या पक्ष्यांना दहा दिवसांत मारतात.

दुसऱ्या टोकाला गोवर आहे. लस १९६३ पासून, प्रसारही रोखते, आणि विषाणू आरएनएचा, चुका भरपूर करणारा असूनही आजतागायत तिला चुकवू शकलेला नाही. त्याच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनांना बदल सोसत नाहीत. तेव्हा ‘लशी’ असं सरसकट बोलू नका. कोणती लस, ती प्रसार रोखते का, हे विचारा.

१७. जिवाणूंनाही विषाणू होतात का? त्यांच्यात ही झुंज कशी चालते?

तुमच्या दह्यात चालते. दुग्धव्यवसायात विरजण बसत नाही, त्याचं एक जुनं कारण जिवाणूंना मारणारे विषाणू. २००७ मध्ये स्ट्रेप्टोकोकस थर्मोफिलस या दह्याच्या जिवाणूवर काम करणाऱ्यांनी दाखवलं, की वाचलेले जिवाणू विषाणूच्या डीएनएचा सुमारे ३० अक्षरांचा तुकडा आपल्या क्रिस्पर यादीत सर्वांत पुढे नोंदवतात. पुन्हा तोच विषाणू आला की यादीवरून ओळखून कापतात. विषाणू त्या तीस अक्षरांतलं एक बदलून निसटतो. जिवाणू नवा तुकडा नोंदवतो. काही विषाणूंकडे क्रिस्परलाच जाम करणारी प्रथिनं आहेत, ती २०१३ मध्ये सापडली.

प्रश्न ३ वाचलेल्यांना इथे अडखळायला होईल. जिवाणू खरोखर ‘शिकतो’ आणि शिकलेलं मुलांना देतो, असं हे जवळजवळ एकमेव ठळक उदाहरण. लुरिया-डेलब्र्यूक चुकले नव्हते; त्यांच्या जिवाणूंचा बचाव वेगळ्या प्रकारचा होता.

१८. आमच्या भेंडीवर केवडा पडतो. जात रोगप्रतिकारक म्हणून घेतली होती. बियाणं फसवं का?

दरवेळी नाही. केवडा म्हणजे पांढऱ्या माशीमुळे पसरणारा पिवळा मोझॅक विषाणू. ‘पुसा सावनी’ ही जात सुरुवातीला त्याला दाद देत नव्हती, नंतर बळी पडू लागली. मग परभणीच्या कृषी विद्यापीठाने भेंडीच्या रानटी नातेवाइकाशी संकर करून ‘परभणी क्रांती’ काढली, १९८५ मध्ये. तीही कित्येक भागांत पुढे केवड्याला बळी पडू लागली. या कुळातले विषाणू एकाच झाडात दोन-तीन आले की आपसांत जनुकांचे तुकडे बदलतात. शिवारभर एकच जात म्हणजे त्यांच्यासाठी एकच कुलूप. एका विषाणूला किल्ली सापडली की सगळी दारं उघडली. प्रश्न ४ मधला एचएलएचा मुद्दा आठवा, त्याची ही उलटी बाजू. शेजारी दुसरी जात लावणं आणि पांढरी माशी रोखणं याला म्हणूनच अर्थ आहे.

१९. सशांचं पुढे काय झालं? ते जिंकले का?

तसं वाटलं होतं. पण १९९० च्या दशकात रानातून गोळा केलेले मिक्सोमा विषाणू नंतर प्रयोगशाळेतल्या, कधी साथ न पाहिलेल्या सशांना टोचले, तेव्हा ते काही दिवसांत कोसळले. नेहमीच्या गाठी आणि सूज फारशी नाही. प्रतिकारशक्तीच बसलेली आणि रक्तात जिवाणू. २०१७ मध्ये हे निष्कर्ष आले. ससे कणखर झाले तसा विषाणूही त्यांची प्रतिकारशक्ती दाबण्यात तयार होत गेला होता; रानात दोघे साधारण बरोबरीत दिसत, म्हणून ते लक्षात येत नव्हतं. दरम्यान १९९५ मध्ये सशांचा दुसराच एक विषाणू ऑस्ट्रेलियात वॉर्डांग बेटावरच्या चाचण्यांतून निसटून मुख्य भूमीवर पसरला, त्याचा हिशेब वेगळा.

आणि एक शेपूट. आपल्या माळरानावर दिसतो तो ससा या गोष्टीतला नव्हे. युरोपीय ससा बिळं खणतो. आपला गवतात दबून बसतो, त्याचं कूळच निराळं. या दुसऱ्या कुळाला मिक्सोमा क्वचितच त्रास देई. २०१८ च्या उन्हाळ्यात स्पेनमध्ये या कुळातले आयबेरियन ससे मोठ्या संख्येने मरू लागले. विषाणू तपासला तर मिक्सोमाच होता, फक्त त्याच्या जनुकसंचात सुमारे २,८०० अक्षरांचा एक नवा तुकडा होता, दुसऱ्या कुठल्यातरी पॉक्सविषाणूकडून (मिक्सोमाच्याच गटातल्या विषाणूकडून) आलेला.